म्हणे, तो सहाला घरी जातो!

अहो, ऐकलंत का? बी विंगमधल्या एकानं राजीनामा दिला! हिंजवडीत टीम लीड होता, फ्लॅटचे हप्ते अजून अर्धे बाकी. दुसरीकडे जास्त पॅकेज मिळालं असेल म्हणता? छे हो, तसं असतं तर पेढे नसते का आले? पुढे काहीच ठरलेलं नाही. नुसता दमलाय म्हणे!

दमणंसुद्धा साधंसुधं नाही हं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटला आपल्या यादीत घेतलं. पण आजार म्हणून नव्हे, कामावरच्या न निस्तरलेल्या ताणातून आलेली अवस्था म्हणून. वरातीत घेतलं, पंगतीला पान नाही!

आणि हा राजीनामा कधी? तर थोरामोठ्यांची बोली वर चढत असताना. नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. २०२५च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांचं वक्तव्य गाजलं. त्यांना ९० हवे होते, शिवाय घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, हीही चिंता होती. बायकांचं मत कोणी घेतलं नाही, नाहीतर त्यांनीच १०० सांगितले असते.

तर राजीनाम्यानंतरची पहिली पायरी इगतपुरी. विपश्यनेचे दहा दिवस. मोबाइल जमा, बोलणं बंद, पहाटे चारला घंटा आणि दिवसाला दहाएक तास ध्यान. सात दाहे सत्तर! मूर्तींचा आठवडा तिथंही भरतोच, फक्त पगार नाही.

दुसरी पायरी शेती. मुळशीकडे दोन एकर, देशी गाय, हातसडीचा तांदूळ. पण इथं १९४८चा कूळकायदा आडवा येतो. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मग काय, गणपतीलाही गावी न फिरकलेली मंडळी एकदम काकांना फोन करतात, “काका, सातबाऱ्यावर आपलं नाव आहे ना?” काकांची झोप उडते. पोरगा शांतीच्या शोधात आहे हे त्यांना कोण सांगणार? त्यांना वाटतं, आला वाटणी मागायला!

तिसरी पायरी लिंक्डइन. “मी यशाची व्याख्या बदलली.” बदलली म्हणजे, पूर्वी ऑनसाइटला किती वेळा गेलो ते मोजायचे, आता सूर्योदय किती पाहिले ते. “तू नोकरी पस्तिशीत सोडलीस? मी बत्तिशीतच!” अप्रेझल चालूच आहे, फक्त मॅनेजर बदलला.

गेटवरचा वॉचमन बारा तासांच्या पाळीत हे सगळं ऐकतो. तो दोन दिवस आला नाही तर त्याला आत्मशोध म्हणत नाहीत, खाडा म्हणतात आणि पैसे कापतात.

पण खरी बातमी पुढेच आहे, जरा कान इकडे करा. सी विंगमधल्या एकानं म्हणे बढती नाकारली. नोकरी तीच, गाय नाही, गुरू नाही, एक पोस्टसुद्धा नाही. रोज सहाला लॅपटॉप मिटतो, येताना भाजी आणतो आणि रात्री साहेबांचा फोन उचलत नाही. कारण विचारलं तर म्हणाला, “तेव्हा आम्ही जेवत असतो.”

एवढंच! ना तत्त्वज्ञान, ना सातबारा. अशा माणसाला आपल्या मुलांपासून लांब ठेवायला हवं हो. उद्या ती पण वेळेवर जेवायला लागली तर लोकांना सांगायचं काय?