हत्तींवर बसलेलं घर

ज्या मुसलमान गृहस्थाला शास्त्रशुद्ध घर लावायचं आहे त्याने जगात कुठेही बदली मागावी, जयपूर तेवढं टाळावं. इथे पडद्यावर हत्ती, चादरीवर उंट, रजईवर मोर, आणि कारागिराला काहीच सुचलं नाही की उशीच्या अभ्र्यावर ढोला-मारू उंटावर बसून निघालेले. हदीस तर स्पष्ट आहे: ज्या घरात सजीवांची चित्रं असतात तिथे फरिश्ते पाऊल टाकत नाहीत. बँकेत बदल्यांच्या याद्या करणाऱ्यांना हे कोणी सांगितलेलं नसावं.

रत्नागिरीत हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. जांभ्याच्या भिंतीवर आयतुल कुर्सीची एक फ्रेम, शेजारी कॅलेंडर, आणि उरलेली नक्षी दर वर्षी पाऊस काढायचा.

जयपुरात परकोट्याच्या आत, घाटगेटाकडच्या एका जुन्या हवेलीचा वरचा मजला भाड्याने मिळाला आणि माझ्यातला मुफ्ती जागा झाला. बायको मुलीची परीक्षा उरकून मागाहून येणार होती. तोवर घर असं लावायचं की फरिश्त्यांनी डिपॉझिट देऊन राहायला यावं. आजोबांच्या वेळचं एक उर्दू पुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि वहीत नियम उतरवून घेतले. सोन्याचांदीच्या भांड्यांत खाऊपिऊ नये: हा नियम पगारानेच पाळून दिला होता. पुरुषाने रेशमी आसनावर बसू नये: तेच. उधळपट्टी करणारे सैतानाचे भाऊबंद, असं कुरआनाच्या सतराव्या सूरेत आहे. त्याखाली लाल रेघ ओढली आणि पाकीट घेऊन बाजारात गेलो.

फोनवर बायकोने बजावलं होतं, सांगानेरीच घ्या. तिचं बरोबर होतं. सांगानेरची छपाई म्हणजे पांढऱ्या जमिनीवर बारीक फुलांच्या बुट्ट्या, आणि फुलापानांना चित्राची मनाई लागत नाही. शरीयतच्या हिशेबात झाड सजीवांत मोडत नाही, मग जगदीशचंद्र बोसांचं काही का म्हणणं असेना. पण मी पडलो जोहरी बाजारातल्या एका गोडबोल्या दुकानदाराच्या हाती.

“बिना जानवर का पर्दा दिखाइए.”

“हाथी नहीं चाहिए? तो ऊँट देख लीजिए, भाईसाहब.”

“जानवरच नको.”

“तो मोर ले जाइए. मोर तो परिंदा है.”

शेवटी ढिगाच्या तळातून त्याने गेरू रंगाचं एक ठाण काढलं. त्यावर दाट कोयऱ्या. भाव निम्म्यावर. खिडक्या, दारं, मधली कमान, सगळ्यांना पुरेल एवढं कापड घेतलं. घरी टांगलं, सकाळचं ऊन मागून आलं आणि एकेका कोयरीला सोंड फुटली. बघता बघता गणगौरची मिरवणूक निघावी तसे हत्ती माझ्या खिडक्यांवरून चालू लागले.

पुस्तक पुन्हा उघडलं. तिथे माझ्यासारख्याची सोय होती. हजरत आयेशांनी चित्रांचा पडदा लावला होता. पैगंबरसाहेबांना तो रुचला नाही, तेव्हा त्यांनी तो फाडून उशा केल्या आणि त्या घरात वापरल्या गेल्या. चित्र डोळ्यांसमोर मानाने टांगलेलं नसावं. अंगाखाली, पायाखाली आलं की बहुतेक आलिमांची हरकत उरत नाही. मी पडदे उतरवून रामगंजच्या एका शिंपीचाचांकडे नेले. त्यांनी कापडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “इतने हाथियों पर बैठेगा कौन?”

रास्त प्रश्न होता. दोन खोल्यांचे पडदे म्हणजे किती उशा होतात हे शिंप्याला कळतं, बँकवाल्याला नाही. बैठकीत उशा, पलंगावर उशा, जिन्यात उशा. खिडक्या उघड्या पडल्याने समोरच्या गच्चीवरचं कुटुंब माझं जेवण रोज न चुकता पाहू लागलं. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, असाही नियम आहे. पण आपल्या घरात डोकावू देऊ नये यासाठी पडदा लागतो, आणि पडद्यावर तर मी बसलो होतो.

मग आला पोपट. बँकेतल्या सहकाऱ्यांनी स्वागत म्हणून निळ्या पॉटरीची सुरई दिली होती. जयपूरची ही निळी भांडी मातीची नसतात; गारगोटीची पूड, काच, मुलतानी माती नि डिंक मळून करतात, म्हणून दिसतात देखणी आणि असतात नाजूक. सुरईच्या झाकणाला मुठीऐवजी पोपट बसवलेला. पुस्तक म्हणत होतं, जिब्रील दाराशी अडले होते तेव्हा त्यांनी उपाय सांगितला होता की मूर्तीचं डोकं काढा, म्हणजे ती झाडासारखी होईल. मी कानस घेतली. मान कानसता कानसता झाकणाचे तीन तुकडे झाले. पोपटाचं झाड व्हायचं ते राहिलंच.

किब्ल्याची गोष्ट तर लिहायलाही लाज वाटते, पण ती जयपूरचीच गोष्ट आहे. सवाई जयसिंगांनी १७२७ साली हे शहर वसवलं, विद्याधर भट्टाचार्यांनी ते काटकोनात आखलं. काटकोनी शहर, तेव्हा भिंती सरळ पूर्व-पश्चिम असणारच, असं धरून मी भिंतीला समांतर जानमाज अंथरली. पण सूरजपोल ते चांदपोल हा मुख्य रस्ता डोंगराच्या धारेनुसार पंधराएक अंश तिरका आहे, आणि गल्ल्या त्याच्या मागे. मशिदीतल्या सफांच्या रेघा भिंतीशी फटकून वाकड्या का, हे मला आधी कारागिराचं काम वाटलं. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी कपाटाशेजारी भोवऱ्यासारखं फिरत होतं. तेव्हा एका रविवारी तिकीट काढून थेट जंतरमंतरमध्ये गेलो. तिथलं सम्राट यंत्र सत्तावीस मीटर उंच, आणि त्याची तिरकी भिंत नेमकी दक्षिणोत्तर. जिना चढत जातो तो ध्रुवाच्या दिशेने. जिन्याकडे तोंड केलं की डावा हात पश्चिमेला. मी डावा हात ताणून बराच वेळ उभा होतो. पहारेकऱ्याने येऊन विचारलं, “तबीयत ठीक है?”

हिशेब घरी येऊन जुळला. जयपूरहून मक्का जवळजवळ थेट पश्चिमेला, केसभर दक्षिणेकडे. रत्नागिरीहून तीच पश्चिमेच्या बरीच उत्तरेला, साधारण तेरा अंश. म्हणजे हवेलीच्या भिंतीच्या भरवशावर मी जयपुरात बसून रत्नागिरीचा किब्ला पाळत होतो. ज्या जयसिंगांनी आपल्या वेधांचा ग्रंथ मोगल बादशहा मुहम्मदशाहच्या नावे केला, त्यांच्या शहरात माझ्यासारख्याची चूक खपली नसती. जानमाज फिरवली. संडास मात्र फिरवता येईना, आणि बसल्यावर पाठ होत होती जवळजवळ किब्ल्याकडे. शिंपीचाचा हनफी, ते म्हणाले, बंद खोलीतही नको, तोंडही नको आणि पाठही नको. आम्ही कोकणी मुसलमान शाफई; आमच्याकडे चार भिंतींच्या आत मुभा आहे. एरवी मजहबांतल्या फरकांवर मी कधी वाद घालत नाही. त्या एका खोलीपुरता मी कट्टर शाफई झालो.

आता पलंग. सही मुस्लिमात हदीस आहे: एक बिछाना नवऱ्याचा, एक बायकोचा, एक पाहुण्याचा, आणि चौथा सैतानाचा. मी तीनच बिछाने केले. पण पावभर रुईच्या जयपुरी रजया तीनवर एक फुकट मिळत होत्या, आणि फुकट रजई ही उधळपट्टी नव्हे, असा फतवा मी दुकानातच स्वतःला दिला. चौथी रजई माळ्यावर लपवली.

अजमेरला निघालेला कोकणातला कुठलाही पाहुणा जयपूरला उतरतोच. पहिले आले बडे अब्बा, ऐन जानेवारीत. सूरे नूरची शिकवण आणि हदीसचा दाखला त्यांना तोंडपाठ: तीनदा परवानगी मागा, उत्तर नाही आलं तर परत फिरा. माझी बेल बिघडलेली. त्यांनी खाली उभं राहून तीनदा सलाम केला आणि बॅग उचलून चालू पडले. मी आत उशा रचत होतो. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने त्यांना अडवून धरलं म्हणून सापडले, नाहीतर अजमेरहून परस्पर रत्नागिरी.

घर पाहायला मी त्यांना हाताला धरून फिरवलं. हत्तीवर ते आरामात टेकले. मुलीसाठी आणलेली घोड्याची कठपुतली मी कपाटात दडवली होती, ती त्यांनीच बाहेर काढली. “अरे, आयेशांच्या खेळण्यात पंखवाला घोडा होता. पैगंबरसाहेबांनी विचारलं, घोड्याला पंख? त्या म्हणाल्या, सुलेमानच्या घोड्यांना नव्हते का? तेव्हा ते खळखळून हसले. पोरीचं खेळणं ठेव बाहेर.”

मी मान डोलावली. मग त्यांना तहान लागली आणि त्यांनी सुरई पाहिली.

“हिचं झाकण?”

मी पोपटाची हकीकत सांगितली.

“रात्री भांडी झाकावीत, दिवा विझवावा, दार लावावं, ही पण हदीसच आहे. तुझ्या पुस्तकात ते पान नाही?”

होतं. रेघ मारायची राहिली होती. त्या रात्री त्यांनी उठून स्वयंपाकघरातला मी विसरलेला दिवा मालवला, सुरईवर बशी ठेवली, गॅसचा कॉक पाहिला. सकाळी विचारलं, समोरच्या गच्चीवाल्यांकडे कधी वाटीभर सालन पाठवलंस का? रस्सा पातळ करावा पण शेजाऱ्याला द्यावा, असं आहे. महिनाभर मला जेवताना पाहणाऱ्या त्या माणसांचं नावही मला माहीत नव्हतं. आणि हो, थंडीने त्यांचे दात वाजत होते, तेव्हा माळ्यावरची चौथी रजई त्यांच्याच अंगावर गेली. हदीस बिछान्याबद्दल आहे, रजईबद्दल नाही, असं ते पांघरुणाखालून म्हणाले.

आता बायको आली आहे, खिडक्यांना सांगानेरी बुट्ट्या लागल्या आहेत, आणि गच्चीवाल्यांकडून गुरुवारी खीर येते. उर्साला जाणाऱ्या रत्नागिरी-चिपळूणच्या मंडळींना कळवायचं ते एवढंच: पाहुण्याचा बिछाना एक आहे, उशा हव्या तेवढ्या आहेत. येताना आमसुलं आणा. बेल अजून बिघडलेलीच आहे, तेव्हा तीन सलामांवर परत फिरू नका, फोन करा.