तपासनीस नाना

ज्या मनुष्याने आयुष्याची तीन-साडेतीन तपे इतरांनी घडवलेल्या वस्तूंतील खोट हुडकून काढण्याबद्दल सरकारकडून दरमहा तनखा घेतलेला असतो, त्याला साठाव्या वर्षी नारळ, शाल आणि भिंतीवरचे घड्याळ देऊन घरी पाठवले, म्हणून त्याची ती दृष्टीही गणवेशासोबत सरकारजमा होते असे मानण्याचे कारण नाही. ती त्याच्याबरोबर घरी येते. आणि घरी तिला योग्य काम न मिळाल्यास प्रथम आमटीवर, मग सुनेच्या पोळ्यांवर आणि अखेरीस समोरच्यांनी उभारलेल्या कुंपणाच्या भिंतीवर तैनात होते. अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, अंबाझरी, खडकी, जेथे म्हणून आयुधनिर्माणी आहे तेथे तेथे या जातीचे गृहस्थ सायंकाळी हात पाठीशी बांधून इतरांच्या बांधकामाकडे पाहत उभे असलेले आढळतात. जबलपूरच्या कांचघरातील आमच्या नानांवर मात्र दैवाने विशेष कृपा केली. त्यांच्या निवृत्तीच्या सुमारास गल्लीतील मुलांनी संगणकावरचे खेळ उतरवून घ्यावयास प्रारंभ केला, आणि ते खेळ काही केल्या इन्स्टॉल होईनात.

कांचघर हा जबलपूरचा कामकरी भाग. घमापूर, सतपुला, रांझी, खमरिया या सगळ्या बाजूने पिढ्यान्‌पिढ्या कारखान्यांच्या भोंग्यावर घड्याळे लावली आणि मुलींची लग्ने जमवताना जावई ‘जीसीएफ’मध्ये की ‘व्हीएफजे’ या वाहनांच्या कारखान्यामध्ये याची चौकशी पत्रिकेच्या आधी केली. नाना तोफगाड्यांच्या कारखान्यात, म्हणजे १९०४ साली स्थापन झालेल्या गन कॅरेज फॅक्टरीत (‘जीसीएफ’), तपासणीखात्यात होते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा नानांनी एवढाच अभिप्राय दिला की, जुने पुरते काढल्याखेरीज त्यावर नवे बसवू नये. हा अभिप्राय कारखान्याविषयी होता की त्या वेळी समोर असलेल्या संगणकाविषयी, याचा खुलासा त्यांनी अद्याप केलेला नाही.

नानांच्या ओसरीवर एक टेबल, एक स्टूल आणि पुठ्ठ्याच्या बांधणीची एक नोंदवही असे कायमचे दफ्तर आहे. वहीत फिर्यादी, माल, मालाचे वजन, माल कोठून आला, दोष, कारण, निकाल आणि सही असे रकाने असून ‘वजन’ या रकान्यात गिगाबाइट लिहिले जातात. फिर्यादी बहुधा आठवी ते बारावीतला असतो, आणि त्याची जबानी जबलपुरी मराठीत होते.

“नाना, बरोब्बर होऊन राहिला होता, अन्‌ ऐंशी टक्क्यांवर येऊन अटकला.”

“अटकला म्हणजे? काय म्हणाला तो?”

“काहीतरी एरर आली होती. मी ओके दाबून दिलं.”

“म्हणजे पंचनामा स्वतःच्या हाताने फाडून टाकलास, आणि मग कोतवालीत आलास!”

नानांच्या शास्त्रातील प्रथम सूत्र हे की, ओके दाबू नये. संगणक जेव्हा मोडक्या इंग्रजीत, उणे अकरा अथवा उणे चौदा असे काही आकडे घालून आपले गाऱ्हाणे मांडतो, तेव्हा ते गाऱ्हाणे अक्षरशः उतरवून घेण्याइतके सौजन्य मनुष्यमात्राने दाखवावे असा त्यांचा आग्रह आहे; आणि ज्या मुलाला इतिहासाच्या पुस्तकातील एक सनावळी कधी पाठ झाली नाही, तो मुलगा नानांच्या धाकाने ‘एमएसव्हीसीपी १४० डॉट डीएलएल सापडत नाही’ हे वाक्य वाटेत पुटपुटत, विसरू नये म्हणून कोणाशी न बोलता, कांचघर चौकातून चालत येताना आम्ही पाहिला आहे.

यानंतर ‘माल कोठून आला’ हा नाजूक प्रश्न येतो. कारखान्यात प्रमाणपत्रावाचून आलेले पोलाद नाना दारातूनच परत पाठवीत, आणि येथे तर अर्धा माल असा की ज्याचा पुरवठादार कोण, हे विचारले असता फिर्यादी छताकडे पाहू लागतो. सन १९५७ चा स्वामित्वहक्काचा कायदा नानांना ठाऊक आहे. त्यामुळे ते रकान्यात ‘बेवारशी, सबब दुरुस्ती नामंजूर’ असा शेरा मारतात, वही मिटतात, आणि मुलगा पायरी उतरण्यापूर्वीच हाक मारतात. कारण ऐंशी टक्क्यांवरच का, हा प्रश्न त्यांना जेवू देणारा नसतो. शेवटी सदसद्विवेक आणि जिज्ञासा यांच्यात त्यांनी तह घडवून आणला: बेवारशी मालातील दोषाचे कारण सांगावयाचे, उपाय करावयाचा नाही. यामुळे अनेक मुलांना आपला खेळ का चालत नाही याचे परिपूर्ण ज्ञान झाले आहे आणि खेळ चाललेला नाही. असे समाधान तत्त्वज्ञानाच्या पदवीधरांखेरीज इतरांस क्वचितच लाभते.

सनदशीर मार्गाने आणलेल्या मालाची तहकीकात मात्र सांग होते. पहिल्याप्रथम जागा मोजावयाची. २०१५ साली संगणकावर आलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ या खेळाने पासष्ट गिगाबाइट जागा मागितली, तेव्हा ‘नाना, सत्तर रिकामी आहे’ अशी बढाई मारीत आलेल्या मुलाला नानांनी समजावले की, आवळून बांधलेला माल सोडावयाचा असेल तर गाठोडे आणि त्यातून निघालेले सामान या दोहोंना काही काळ एकाच खोलीत राहावे लागते. मग येतो पेनड्राइव्ह. बत्तीस गिगाबाइटचा पेनड्राइव्ह कोरा करकरीत असूनही पाच गिगाबाइटची फाइल त्यात जात नाही, ही गोष्ट मुलांना विश्वासघातासारखी वाटते. ‘फॅट ३२’ या जुन्या मांडणीत एका फाइलीची कमाल मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे चार गिगाबाइटला एक बाइट कमी, एवढीच असते. नाना हा आकडा भारतीय पद्धतीने, कोटी-लाखांत, असा वाचून दाखवतात की जणू संस्थानाचा वसूलच जाहीर होतो आहे. आणि तो एक बाइट कमी का, हे विचारणाऱ्या मुलाला त्या दिवशी चहा मिळतो.

परंतु नानांचा प्राण रमतो तो चेकसममध्ये. तपासणीखात्यात भोक मापावयास एक दुतोंडी गेज असे. त्याचे एक टोक भोकात गेलेच पाहिजे, दुसरे जाता कामा नये. याहून निराळे घडले की नग बाद. भोक कोणाच्या हलगर्जीपणाने वाढले याची वाच्यता ते गेज करीत नसे, आणि त्यामुळेच साहेबापासून फिटरपर्यंत सर्वांचा त्याच्यावर विश्वास होता. उतरवलेल्या फाइलीसाठी हे काम डब्ल्यू. वेस्ली पीटरसन यांनी १९६१ साली मांडलेला सीआरसी करतो: सगळी फाइल ही एकच अवाढव्य संख्या कल्पून तिला ठरावीक भाजकाने भागावयाचे, बाकी टिपून ठेवावयाची, आणि माल मुक्कामी पोहोचल्यावर पुन्हा भागून तीच बाकी उरते की नाही हे पाहावयाचे. पासष्ट गिगाबाइटांत वाटेत एक बिट जरी उलटला तरी बाकी जुळत नाही आणि इन्स्टॉलर हात वर करतो. एमडी ५ ही रिव्हेस्ट यांनी काढलेली पद्धत बत्तीस अक्षर-अंकांची मुद्रा देते. ती मुद्रा नाना पडद्यावरून मोठ्याने वाचतात आणि मुलगा कागदावर ताडून ‘हं, हं’ म्हणतो. हा पाठ प्रथम कानी पडला त्या संध्याकाळी नानांच्या पत्नी माई यांनी देव्हाऱ्यात निरांजन लावून हात जोडले होते. वस्तुस्थिती समजल्यावर त्यांनी ते विझवले नाही, हे त्यांच्या संसाराचे सूत्र.

कारणमीमांसेतील नानांचा खरा अधिकार यापुढे दिसतो. खेळ दर खेपेस एकाच टक्क्यावर अडत असेल तर खोट फाइलीत आहे, ती पुन्हा उतरवावी; आज बेचाळीसवर, उद्या एकाहत्तरवर आणि परवा सुरुवातीलाच अडत असेल, तर फाइल बिचारी निर्दोष असून खोट यंत्रात आहे. हा भेद बाजारातील तरुण तज्ज्ञांना मान्य नाही, कारण त्यांच्या भात्यात ‘फॉरमॅट मारून टाका’ हा एकच बाण असतो. आवळलेला माल सोडताना प्रोसेसर आणि स्मृतिपट्टी यांच्यावर जो ताण पडतो तो पत्रव्यवहार टंकताना अथवा सिनेमा पाहताना पडत नाही. म्हणून एरवी धडधाकट दिसणारे यंत्र नेमके येथे गळपटते. जबलपूरच्या मे महिन्यात तर माणसेही अशाच अनियमित टक्क्यांवर अडतात. नाना अशा वेळी संगणकाचे झाकण काढून त्यातील वर्षानुवर्षांची धूळ साफ करतात, मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समधून नवा पंखा आणवतात, आणि तरीही बाकी जुळली नाही तर रात्रभर स्मृतीची चाचणी लावून शेजारी खाट टाकून निजतात. एकदा पहाटे तीन वाजता, मुलाने जुन्या बाजारातून स्वस्तात घेतलेली दुसरी पट्टी दोषी ठरली, तेव्हा त्यांनी घरादाराला उठवून तो निकाल सांगितला होता. घरादाराने त्याचे स्वागत कसे केले याची नोंद वहीत नाही.

बाकीच्या व्याधी किरकोळ. कोणी ‘डीएलएल’ हरवली म्हणून भलत्या ठिकाणाहून तेवढीच एक फाइल आणून चिकटवतो. त्याला नाना मायक्रोसॉफ्टचा संपूर्ण व्हिज्युअल सी प्लस प्लस संच बसवावयास लावतात. कोणी अँटिव्हायरस बंद करण्याची परवानगी मागतो. ती मिळत नाही. कोणी ‘नवीन फोल्डर’च्या पोटात ‘नवीन फोल्डर’ अशी वंशावळ इतकी वाढवतो की विंडोजची दोनशे साठ अक्षरांची मर्यादा ओलांडली जाते. आणि एका व्याधीचा मात्र नाना उच्चारही करू देत नाहीत. मातृभाषेच्या अभिमानाने त्यांनी स्वतःच्या संगणकावर आपले नाव देवनागरीत नोंदवले होते. एका जुन्या इन्स्टॉलरला मार्गातील तो ‘नाना’ वाचता येईना आणि तो पुढे सरकेना. अखेर रोमन लिपीत दुसरे खाते उघडावे लागले. १८१७ मध्ये भोसल्यांचा अंमल उठल्यापासून जबलपुरात मराठी माणसाने पत्करलेली ही सर्वांत मोठी शरणागती होय, असे ते मानतात.

एवढे सायास करून खेळ एकदाचा उघडतो. पडद्यावर ज्वाळा उठतात, नगारे वाजतात, मुले आरोळी ठोकतात, आणि त्याच क्षणी नाना चष्मा घडी घालून उठतात. “नाना, एक डाव तर खेळा,” असा आग्रह दर वेळी होतो आणि दर वेळी वाया जातो. आम्ही एकदा याचे कारण पुसले, तेव्हा ते म्हणाले, “उभ्या नोकरीत गाडा पास केला; त्यावरची तोफ कोणावर डागतात ते पाहायला गेलो नाही.” २०१९ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या कारखान्याने धनुष तोफा लष्कराच्या स्वाधीन केल्या, त्या दिवशी सारे कांचघर तोफेच्या पल्ल्याविषयी बोलत होते, नाना मात्र सांध्यांची तपासणी कोणी केली असेल, एवढ्याच विवंचनेत होते.

अशा पुरुषाला निर्विघ्न कार्य म्हणजे आपत्तीच. आता मुले फोनवर खेळू लागली, आणि फोनवरचा खेळ बिनबोभाट बसतो. माईंच्या फोनची जागा सुप्रभाताच्या चित्रांनी भरून गेली होती ती नानांनी मोकळी करून दिली. पण त्या कामात त्यांचे मन नव्हते. त्यातच गेल्या दिवाळीत त्यांचा एक जुना फिर्यादी, आता पुण्यात नोकरीस असलेला, घरी आला आणि त्याने धाकट्या भावासाठी ‘राजी’ हा खेळ रोख दाम मोजून स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतला. असुरांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीचा हा खेळ २०२० साली पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी काढलेला, हे ऐकून नाना संतोषले. वही, पेन, जुना चष्मा अशा सरंजामानिशी ते येऊन बसले. खेळ उतरला, आपला आपण उलगडला, लागणारे संच त्याने न विचारता बसवून घेतले, आणि नानांचा चहा निवण्यापूर्वीच तो सुरूही झाला.

“बाकी जुळवलीस का?” नानांनी क्षीण आवाजात विचारले.

“ते स्टीम स्वतःच करतं, नाना. हे बघा,” म्हणून त्याने फाइलींची शाबूतता पडताळण्याचे बटण दाबले. काही वेळाने सर्व फाइली यथास्थित असल्याची ग्वाही पडद्यावर उमटली.

“तपासणी झाली म्हणतो. पण सही कोणाची?”

याला उत्तर नव्हते. नानांनी वही उघडली, फिर्यादीचे नाव आणि मालाचे वजन लिहिले, ‘माल कोठून आला’ या रकान्यात आयुष्यात प्रथमच ‘पुणे, पावतीसह’ असे ठळक अक्षरांत नोंदवले, आणि ‘दोष’ या रकान्यापाशी पुष्कळ वेळ थांबून शेवटी लिहिले: “आढळून आला नाही. सबब पुन्हा तपासावे.”