फेडअपकाका

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक गळकी टाकी, एक रुसकी लिफ्ट आणि एक फेडअपकाका असतात. आमचे काका बँकेतून निवृत्त झालेले, आता सोसायटीचे खजिनदार. एरवी स्वभाव इतका गोड, की वॉचमनलाही ‘राजा’ म्हणतात. मात्र डोकं तापलं की मराठी गाशा गुंडाळते आणि काका इंग्रजीत शिरतात. शिव्या त्यांना येत नाहीत, आल्या तरी काकू देऊ देणार नाहीत. म्हणून हा राजमार्ग.

त्याला क्रम असतो. ‘व्हॉट इज धिस?’ ही सलामी. मग ‘देअर इज अ लिमिट’. त्यानंतर ‘आय ॲम फेडअप’, आणि सर्वांत वर ‘धिस इज द लास्ट स्ट्रॉ’. ती शेवटची काडी आठवड्यातून चारदा तरी पडते. उंट अजून ठणठणीत आहे. पार्किंगमध्ये कुणी आडवी स्कूटर लावली की मॅकेन्रो अंगात येतो. १९८१च्या विम्बल्डनमध्ये तो पंचांवर ओरडला, तसं काका ‘यू कॅनॉट बी सीरियस!’ म्हणतात. स्कूटरवाला ‘हो काका’ म्हणून जिना चढतो.

खरा बहर वार्षिक सभेत. ती कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे काकांची तयारी गणपतीतच सुरू होते. एका वर्षी त्यांनी अध्यक्षांवर थेट क्रॉमवेल सोडला. मे १९४०मध्ये लिओ ॲमरी यांनी ब्रिटिश संसदेत चेंबरलेनना ऐकवला होता तोच: ‘इन द नेम ऑफ गॉड, गो!’ तिकडे तीन दिवसांत पंतप्रधान बदलला. इकडे अध्यक्षांना वाटलं, काका आरतीला चला म्हणताहेत. ते उठलेसुद्धा.

या रागाने कुणाचं वाईट होत नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगेन. काम मात्र कुणाचंच होत नाही. प्लंबरला तर हा सगळा शब्दसंग्रह पाठ झाला होता. त्याचं टाकीचं बिल तीन महिने काकांच्या फायलीत पडून होतं. परवा तो दारात उभा राहिला, पान्हा खाली ठेवला आणि म्हणाला, ‘काका, आय ॲम फेडअप. इनफ इज इनफ.’

काकांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. आत वळून ‘अगं, ऐकलंस का?’ म्हणाले, आणि तिथल्या तिथे चेक फाडला.