साठ माणसांचा केक

आम्ही सोलापूरकर. आमच्या घरात टरफलात असोत की टरफलाबाहेर, शेंगदाणे म्हणजे शेंगाच. अशा शेंगांच्या घरातून उठून मी उन्हाळ्यात लेकीकडे टेक्सासला गेलो, आणि दुसऱ्याच आठवड्यात तिनं माझ्यासमोर पीनट बटरचा डबा ठेवला. ‘‘बाबा, शनिवारी आपल्या गल्लीचं एकत्र जेवण आहे. साठेक माणसं असतील. केक आपल्याकडे.’’ एरवी त्या गल्लीत कुत्र्याला फिरवणारा एखादा गृहस्थ सोडला तर चिटपाखरू दिसत नाही. ही साठ माणसं एवढे दिवस कुठे ठेवली होती, हे मी विचारलं नाही. पाहुण्यानं सगळंच विचारू नये.

डब्यात बोट बुडवून चाखलं आणि लक्षात आलं, ही वस्तू मी लहानपणी रोज पाहिली आहे. आई दुपारची शेंगांची चटणी कुटायला बसायची. मुसळाखाली आधी भरड, मग कूट, आणि कुटता कुटता एक क्षण असा यायचा की इतका वेळ कोरडं असलेलं ते कूट अचानक ओलसर व्हायचं, तेल सुटून चकाकायचं. कधी न रडणाऱ्या बाईचे डोळे एकदम भरून यावेत तसं. पीनट बटर म्हणजे तोच क्षण, डब्यात भरलेला. लसूण-तिखट घालायच्या ऐन वेळी कुटणारीला कुणी दारात हाक मारली आणि ती उठून गेली, ती गेलीच.

या लगद्यात शेंगा किती असाव्यात, यावर अमेरिकेत म्हणे १९५९ साली वाद निघाला. सरकार म्हणे नव्वद टक्के हव्यात, कारखानदार म्हणत सत्त्याऐंशी पुरे. निकाल लागून नव्वदचा नियम झाला तो १९७१ साली. तीन टक्क्यांसाठी बारा वर्षं! जावई हे हसत सांगत होता. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसेना. महिनाअखेरीला आमच्या चटणीत डाळ्याचं पीठ मिसळलं जायचं. वडील पहिला घास घेऊन नुसती मान वर करायचे, आई ताकाचं भांडं पुढे सरकवायची. खटला तेवढ्यात निकालात.

केकचं ताट मात्र बघण्यासारखं होतं. तेरा इंच रुंद, अठरा इंच लांब, उंचीला जेमतेम बोटभर. ताट कसलं, पाटच तो. लोणी, पाणी आणि पीनट बटर एकत्र उकळून मैदा-साखरेवर ओतायचं, मग ताक, अंडी, सोडा. पीठ धिरड्यासारखं पातळ झालेलं पाहून मी धास्तावलो. ‘‘असंच असतं हो बाबा,’’ लेक म्हणाली. साडेतीनशे फॅरनहाइटला वीस मिनिटं. आणि मग जे झालं ते माझ्या साऱ्या संस्कारांविरुद्ध होतं: केक गरम असतानाच त्याच्यावर गरम गरम साखर-लोण्याचा पाक ओतला. ‘गार होऊ दे, हात लावू नकोस’ हे ऐकत माझं बालपण गेलेलं. पाक पसरला आणि ताट नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखं दिसू लागलं. ही उपमा मी तिथे कुणाला सांगितली नाही.

कापायला सुरी माझ्या हातात आली. हात आपोआप तिरका गेला, वड्यांसारखा. नात ओरडली, ‘‘आबा, चौकोन!’’ पण तोवर दोन रेघा पडल्या होत्या. कडेचे त्रिकोण आम्ही दोघांनी ओट्याशी उभ्यानं संपवले. मग तिनं एका कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘यात शेंगदाणे आहेत’. तिकडे त्यानं एखाद्या पोराचा जीवही जाऊ शकतो, हे तिनं मला गंभीरपणे समजावलं. आमच्या घरी पाटी लावायचीच झाली असती, तर ‘यात शेंगा नाहीत’ अशी लावावी लागली असती.

जेवणाला अलाबामाचे एक म्हातारे गृहस्थ शेजारी बसले होते. मी तिथल्याच टस्कीगीच्या, शेंगांवर संशोधन करणाऱ्या कार्व्हरांचं नाव काढलं. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे तो माणूस आमच्या घरात सख्ख्या काकासारखा वावरलेला. इतक्या लांबच्या गावात त्यांचं चरित्र आवडीनं वाचतात, हे ऐकून ते गृहस्थ जरा वेळ गप्प राहिले. मग उठले आणि केकचे दोन तुकडे घेऊन आले, एक माझ्यासाठी.

येताना लेकीनं तसंच एक ताट बॅगेत घातलं. घरी आल्यावर मी आमच्या ओव्हनचं माप घेतलं. आतली रुंदी साडेबारा इंच भरली. ‘‘बसलं असतं तरी खाणार कोण? आपण दोघंच,’’ ही म्हणाली. सध्या त्या ताटात भाजलेल्या शेंगा गार करायला पसरतो.