वजन न सांगता शॉकअप कसे निवडावेत

अभिनंदन! तुम्ही १९७३ ची होंडा सीआर २५० एम एल्सिनोर घेतलीत. सॅन होजेला घर झालं, मुलं कॉलेजात गेली, गॅरेजमध्ये एका गाडीची जागा रिकामी पडली. आता मोटोक्रॉस नाही करायचं तर कधी? खास मोटोक्रॉससाठी बनवून होंडाने बाजारात आणलेली ही पहिली टू-स्ट्रोक. अ‍ॅल्युमिनियमची चंदेरी टाकी, तिच्यावर हिरवा पट्टा. त्याच वर्षी गॅरी जोन्सने हिच्यावर बसून अमेरिकेचं २५० सीसीचं अजिंक्यपद मारलं. तुम्ही हिच्यावर बसून फुटपाथवरून रस्त्यावर उतरलात, तेव्हा खालून 'ठाण्' असा आवाज आला. तो गाडीचा की मणक्याचा, हे अजून ठरायचं आहे. आपण तूर्तास गाडीचा धरू. मागचे शॉकअप गेलेत. खालच्या पायऱ्या क्रमाने पाळा, म्हणजे योग्य शॉकअप सोडून बाकी सगळं मिळेल.

१. आधी रंग ठरवा. मोजमापं घ्यायची घाई करू नका, त्याने उत्साह मावळतो. क्रोमची स्प्रिंग सभ्य दिसते, काळी कामाची दिसते आणि पिवळी असली की येणारेजाणारे ओळखतात : ओलिन्स! ही स्वीडिश कंपनी १९७६ साली निघाली, म्हणजे तुमच्या गाडीपेक्षा वयाने लहान. पण एवढ्या तेवढ्याने अडून बसलात तर छंद कसा चालायचा? १९७८ साली गेन्नादी मोइसेयेव्हने केटीएमला ओलिन्स लावून विश्वविजेतेपद जिंकलं होतं, हे घरी सांगा. १९७३ साली पूर्ण एल्सिनोर साडेअकराशे डॉलरच्या आसपास मिळायची, हे सांगू नका. कारण पुढचा प्रश्न शॉकअपच्या जोडीची किंमत काय, हाच असतो.

२. रंगावर एकमत होत नसेल, तर 'मला गाडी ओरिजिनल ठेवायची आहे' असं जाहीर करा. याने माणसाला एकदम वजन येतं. (या शब्दाकडे आपण पुढे येणारच आहोत.) मग कंपनीचे मूळ शॉकअप शोधायला लागा. ते मिळणं कठीण असतं, आणि त्याला कारण आहे. त्या काळी जपानी मोटोक्रॉस गाड्यांचे शॉकअप हा चेष्टेचा विषय होता. काही फेऱ्या झाल्या की आतलं तेल तापायचं, त्यात हवा मिसळून फेस व्हायचा आणि डॅम्पिंग संपायचं. मागचं चाक मग स्प्रिंगच्या मर्जीने उड्या मारायचं. ज्याला शर्यत जिंकायची असे, तो शोरूममधून घरी येताच ते काढून हॉलंडचे कोनी नाहीतर इंग्लंडचे गर्लिंग बसवायचा. म्हणजे पहिल्या मालकाने ज्याला हाकलून दिलं, त्याच्यासाठी तुम्ही पन्नास वर्षांनी पायघड्या घालायच्या आहेत.

या प्रकारात सर्वांत भारी माल म्हणजे 'न्यू ओल्ड स्टॉक'. डबा न फोडलेला, कागदात गुंडाळलेला, एकदाही न वापरलेला शॉकअप. रबरी सीलला आपण डब्यात आहोत हे कळत नाही, ते तिथेही म्हातारं होतं. गाडीला लावल्यावर पहिल्या खड्ड्यात तेल बाहेर येईल. नाराज होऊ नका. ते तेलसुद्धा ओरिजिनल आहे.

३. आता अवघड पायरी. चांगला शॉकअप बनवणारा कोणीही ऑर्डर घेण्याआधी विचारतो : तुमचं वजन किती? यात उद्धटपणा नाही. स्प्रिंग किती कडक हवी हे गाडीचं मॉडेल, शॉकअप बसतो ती जागा आणि वर बसणारा माणूस यांवर ठरतं. शॉकअप मागच्या आसाच्या पुढे आणि थोडा तिरका बसतो. त्यामुळे चाक ४ इंच वर गेलं तरी तो तेवढा दबत नाही, आणि त्याच्यावर येणारा भार मात्र चाकावरच्या भारापेक्षा जास्त असतो. हे गणित दुकानदाराला येतं. त्याला येत नाही ती फक्त एक संख्या, आणि ती तुम्हाला सांगायची नसते.

नवशिके इथे सरळ खोटं बोलतात. तसं करू नका, पद्धती आहेत. ग्रीन कार्डच्या मेडिकलमधला आकडा सांगा. तो सरकारी कागदावर आहे. किंवा सकाळी, चहाच्या आधी, कपडे न घालता घेतलेलं वजन सांगा. शर्यतीत तुम्ही हेल्मेट, गुडघ्यापर्यंतचे बूट, छाती-पाठीचं चिलखत, असं सात-आठ किलोंचं सामान चढवून बसणार, हा तपशील त्याने विचारला तरच द्यायचा. पौंडात विचारलं तर किलोचा आकडा सांगून थोडा वेळ गप्प राहणं हाही एक मार्ग आहे, पण त्याने फार मऊ स्प्रिंग येते.

तुमच्या मनात जो माणूस या गाडीवर बसलेला आहे तो बावीस वर्षांचा आहे, याची मला कल्पना आहे. त्याचंच वजन तुम्ही कळवलंत. स्प्रिंगही त्याच्याच मापाची येईल. आपलं दुर्दैव एवढंच की तो शर्यतीला येत नाही.

४. स्प्रिंग बसवल्यावर 'सॅग' मोजा. मागचं चाक अधांतरी उचला, आसापासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत टेप लावा. मग सगळं चिलखत चढवून गाडीवर बसा आणि सुट्टीवर आलेल्या मुलाला पुन्हा माप घ्यायला सांगा. दोन्हींतला फरक एकूण हालचालीच्या एक तृतीयांशाच्या आसपास हवा, म्हणजे ४ इंचांत साधारण सव्वा इंच. तुमचा अडीच भरेल. 'बाबा, मी टेप उलटा धरलाय का?' असं तो विचारेल. 'हो' म्हणा.

त्याला आत पाठवलं की हुक पाना घ्या आणि शॉकअपवरची प्रीलोडची रिंग आवळत सुटा. प्रत्येक खाचेला गाडी मागून उचलली जाईल आणि तुम्ही बारीक होत चालल्यासारखं वाटेल. स्प्रिंग यातल्या कशानेही कडक होत नाही, होती तेवढीच राहते. बदलते ती गाडीची उंची. पण बघणाऱ्याला काय कळतंय? हां, एखादा खवट जाणकार येऊन रिकामी गाडी मागून दाबून बघेल. माणूस नसताना गाडी स्वतःच्या वजनानेही किंचित खाली बसायला हवी. तुमची ताठ उभी असेल. 'फारच कडक स्प्रिंग दिसतेय!' असं आपणहून म्हणा. तो हसेल, कारण अर्थ नेमका उलटा आहे : स्प्रिंग मऊ आहे म्हणून ती इतकी आवळावी लागली.

५. शॉकअप वरचा खाली करून बसवू नका. जुन्या पद्धतीच्या शॉकअपमध्ये तेल खाली आणि हवा वर राहावी लागते. उलटा केलात तर आतली झडप हवा घुसळते. कंपनीचं स्टिकर सुलटं वाचता यावं म्हणून ही पायरी हमखास चुकवली जाते.

६. लांबी : शक्य तितकी जास्त. १९७३ साली यामाहाने बेल्जियमच्या ल्युसियें टिल्केन्सच्या कल्पनेवरून एकाच शॉकअपची गाडी शर्यतीत आणली, हाकन आंडरसनने तिच्यावर २५० सीसीचं विश्वविजेतेपद जिंकलं, माइकोने आपले शॉकअप पुढे सरकवले, आणि दशक संपायच्या आत मागच्या चाकाची हालचाल ४ इंचांवरून १० च्या पुढे गेली. तुमच्या गाडीने हा तमाशा शोरूममधून पाहिला. आता तिला न्याय द्या. दीड इंच लांब शॉकअप लावा. मागची बाजू उचलली गेली की पुढचे फोर्क जास्त उभे होतात, वेगात हँडल नाही-नाही म्हणून मान हलवू लागतं आणि चेन चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) बिजागरीवर घासायला लागते. चाक मडगार्डला धडकतं का ते बघायचं असेल, तर स्प्रिंग काढून नुसता शॉकअप बसवतात आणि चिमटा पुरता वर दाबतात. दहा मिनिटांचं काम. हे शर्यतीनंतर करायचं, मडगार्ड तुटल्यावर.

७. शर्यत. अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या संघटनेचा १९७४ पर्यंतच्या मोटोक्रॉस गाड्यांसाठी नियम आहे : पुढे ७ इंच, मागे ४ इंच, त्याहून जास्त हालचाल नको. तपासनीस टेप घेऊन येईल. सहावी पायरी मनापासून पाळली असेल, तर तो तुम्हाला वेगळ्या वर्गात जायला सांगेल. तिथे १२ इंचवाले पोरगे असतात. अशा वेळी ट्रकमधून ते जुने, गळके, कंपनीचे शॉकअप काढा आणि पार्किंगमध्येच बसवा. नियमात चोख बसतात.

८. घरी आल्यावर पिवळ्या स्प्रिंगची जोडी विकायला काढा. 'फारच कमी वापर' असं लिहा, ते खरंच आहे. तिसऱ्या दिवशी कोणीतरी फोन करील, नुकतीच जुनी गाडी घेतलेला, आवाजात उमेद असलेला. ही स्प्रिंग मला चालेल का, विचारील. आता तुम्ही जाणकार आहात. त्याला शांतपणे वजन विचारा, आणि तो जो आकडा सांगेल त्यात दहा किलो मिळवा.