पंख्याखालची खुर्ची

मार्चअखेर संपला की मला पिच्चर आठवतो. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत वसुलीला आहे. जानेवारी ते मार्च माझी बैठक थकबाकीदारांच्या ओसरीवर असते आणि तिथं जो अभिनय बघायला मिळतो, त्यापुढं तिकीट काढून काही बघावं असं वाटत नाही. पण एप्रिल लागतो, नोटिसांचे गठ्ठे कपाटात जातात, आणि एक दिवस बायको म्हणते, "अहो, पोरांच्या परीक्षा संपल्या." याचं उत्तर "बरं झालं" असं द्यायचं नसतं, तिकिटं काढायची असतात.

आधीच सांगून टाकतो, मला सिनेमातलं काही कळत नाही. 'चित्रपट' हा शब्द आमच्याकडं पेपरात छापून येतो. थेटरात लागतो तो पिच्चर. चित्रपटाला आशय, छायाचित्रण, संकलन वगैरे असतं म्हणे. पिच्चरला पार्किंग असतं, इंटरव्हलचा वडा असतो, आणि उन्हाळ्यात सगळ्यांत महत्त्वाचा असतो तो पंखा. माझ्या लहानपणी थेटरांवर 'एअर कूल्ड' अशी पाटी असायची आणि तिच्यावर बर्फाची टोपी घातलेली अक्षरं असायची. गारवा तेवढा त्या पाटीतच. आत भिंतीला लांब दांड्यांचे पंखे, आणि ते ज्या खुर्च्यांवर वारा टाकायचे त्या खुर्च्या गावातल्या जाणत्या लोकांना पाठ. मी अशा एका थेटरात (नाव नको, बंद पडलंय बिचारं) पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून अर्धा तास आधी जायचो. खुर्ची मिळायची, पण त्या पंख्याचा आवाज असा की हळू आवाजातलं काहीच ऐकू यायचं नाही. त्यामुळं हिंदी सिनेमातली मारामारी मला नीट माहीत आहे, प्रेम मात्र मी अंदाजानंच बघितलंय.

त्याच्याही आधी तंबू होता. आमचं मूळ गाव खटाव तालुक्यात. चैत्रात यात्रा भरायची, आणि देवाच्या पालखीआधी दोन दिवस टुरिंग टॉकीजचा ट्रक यायचा. पाळणेवाले, बांगड्यांची दुकानं, गोडीशेव आणि पलीकडं तंबू. आत बाया एकीकडं, बाप्ये दुसरीकडं, मधे दोरी. बसायला घरचं पोतं. ज्यांच्याकडं तिकिटाला पैसे नसायचे ती पोरं कनातीबाहेरून जाऊन पडद्याच्या मागच्या अंगाला बसायची. चित्र तिकडूनही दिसायचं, फक्त उलटं. मी बरेच पिच्चर असे बघितलेत. सगळ्या पाट्या उलट्या आणि सगळे हिरो डावरे.

१९९२ सालच्या यात्रेत 'माहेरची साडी' आला. आदल्या वर्षी सप्टेंबरात लागलेला हा सिनेमा आमच्या गावापर्यंत यायला उन्हाळा उजाडला होता, पण त्याची कीर्ती आधीच येऊन पोचली होती. आज्जीनं वडलांकडून पैसे घेऊन सगळ्या घराची तिकिटं काढली. तिच्या आयुष्यातली ही एकमेव उधळपट्टी. मी बारा वर्षांचा, दोरीच्या अलीकडं, पण नजर पलीकडं. पडद्यावर अलका कुबल सोसत होत्या, सासू झालेल्या उषा नाडकर्णी छळत होत्या, आणि बायांच्या बाजूनं असा हुंदका उठला होता की ऑपरेटरला रीळ बदलताना मशीनचा आवाज ऐकू येत नसावा. आमची आज्जी तर पदर तोंडात कोंबून रडत होती. "काय ही सासू! मढं बसवलं हिचं!" शेजारी माझी आई बसली होती. ती रडत नव्हती. ती आज्जीकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आज्जी आईला म्हणाली, "भाकरी करपली."

नटांबद्दलची माझी मतं आहेत ती सगळी धंद्यातून आली आहेत. वसुलीच्या माणसाला एकच प्रश्न पडतो: हा कर्ज फेडील का? पडद्यावर कोणी आलं की मी मनातल्या मनात त्याची फाईल उघडतो. अलका कुबल यांनी आपलं कर्ज तर फेडलंच असतं, वर ज्याला जामीन राहिल्या त्याचंही, मंगळसूत्र गहाण टाकून. त्यांच्याइतका खात्रीचा जामीनदार मराठी पडद्यावर दुसरा झाला नाही. अशोक सराफ यांच्या दारात आपण नोटीस घेऊन जावं, तर चहा मिळेल, बसायला खुर्ची मिळेल, तासभर हसून हसून पोट दुखेल, आणि कोपऱ्यावर आल्यावर कळेल की नोटीस तिथंच राहिली आणि वर आपल्याच खिशातले शंभर रुपये उसने गेले. 'अशी ही बनवाबनवी' मी किती वेळा बघितला ते सांगत नाही. सिनेमा १९८८ चा, पण अजूनही दर उन्हाळ्यात तो कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर लागतोच आणि आमच्या घरात रिमोट मग कुणी उचलत नाही. अशोक सराफ यांना पद्मश्री २०२५ मध्ये मिळाली. आमच्याकडं असता तर इतका थकलेला हप्ता आम्ही व्याजासकट वसूल केला असता.

निळू फुले म्हणजे मात्र बुडीत कर्ज. सरपंच, चेअरमन, पाटील. हप्ता मागायला जाणार कोण? उलट त्यांनी नुसतं "या की" म्हटलं असतं तरी मी पावती फाडून पैसे आपल्या खिशातून भरले असते. आज्जी त्यांना बघितलं की पडद्याकडं पाठ करून बसायची. पुढं मी मोठा झालो, वाचायला लागलो, आणि तिला सांगितलं की हा माणूस खऱ्या आयुष्यात पुण्याला लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचा, सेवादलातला होता, जन्मभर चळवळींच्या लोकांबरोबर राहिला. आज्जीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "आसंल. मग बायांकडं तसा का बगतो?" ह्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. कुठल्याही नाट्यशिक्षण संस्थेकडं असेल असंही वाटत नाही. एवढी पावती एखाद्या नटाला मिळाली की बाकीचे पुरस्कार त्यानं घरात लावायला खुंट्या शोधू नयेत.

आणि सयाजी शिंदे. हे आमचे. सातारा तालुक्यातलं वेळेकामथी त्यांचं गाव. पाटबंधारे खात्यात वॉचमन होते, तिथून नाटकात गेले, मग १९९९ च्या 'शूल'मध्ये बच्चू यादव झाले आणि सगळ्या देशाला घाम फोडला. दुसऱ्याच वर्षी तमिळमध्ये थेट महाकवी सुब्रमण्यम भारती! साताऱ्याच्या माणसानं तमिळ लोकांचा महाकवी व्हायचं, हे म्हणजे मदुराईच्या माणसानं तुकाराम करण्यासारखं झालं, आणि ते त्यांनी करून दाखवलं. नंतर तेलुगूत इतके सिनेमे केले की आता मे महिन्यातल्या दुपारी टीव्ही लावावा, डब केलेला साऊथचा पिच्चर असावा, आणि गाड्या हवेत उडत असताना खुर्चीत सयाजीराव बसलेले असावेत हे ठरलेलं. फक्त तोंडून आवाज भलत्याच कुणाचा तरी हिंदी. आपल्या शेजारच्या घरातून अनोळखी माणूस बोलतोय असं वाटतं. आमची मावशी तरी टीव्हीसमोर मान हलवत म्हणते, "बोलतोय बघ किती छान." तिला सांगावंसं वाटत नाही. त्यांनी पुढं झाडं लावायचं काम काढलं, माळरानं हिरवी करायला घेतली. पडद्यावर सुपारी देणारा माणूस गावोगाव वडाची रोपं देत फिरतो, हे एक साताऱ्याच्याच पाण्यात होऊ शकतं.

हे वाक्य मी माझ्या मेहुण्यासमोर म्हणू शकत नाही. तो सांगलीचा. सांगलीत चाळीसच्या वर पारा गेला की तो बायकापोरांसह आमच्याकडं येतो, कारण सातारा डोंगराला टेकलेलं आणि रात्री चादर लागते. येताना पाच किलो भडंग आणतो. ते कुडुमकुडुम खात एकदा का बैठक जमली की तो सुरू होतो, "दाजी, तुमचं ते सयाजी वगैरे ठीक आहे. पण मराठी नाटक जन्माला कुठं आलं?"

कुठं म्हणजे सांगलीत. १८४३ साली, विष्णुदास भावे, 'सीतास्वयंवर', राजेसाहेब पटवर्धनांच्या पुढं. हे मला आता माझ्या जन्मतारखेपेक्षा पाठ आहे. देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे, आशा भोसले जन्मल्या त्याही सांगलीतच. असे हुकमाचे पत्ते त्याच्याकडं एकामागं एक असतात. "सांगलीत नाटकाचा पडदा उघडला तेव्हा साताऱ्यात काय चाललं होतं?" मी म्हणतो, "तेव्हा साताऱ्यात छत्रपतींची गादी होती पाव्हणं. नाटकं करायची वेळ आमच्यावर आली नव्हती." हे उत्तर मला पहिल्यांदा सुचायला सहा उन्हाळे लागले. आता दर वर्षी वापरतो.

माझ्याकडं अजून एक पत्ता असतो, तो म्हणजे वाई. वाईत माझा मावसभाऊ राहतो. त्यानं वाईची वेस न ओलांडता तीन राज्यांत काम केलंय. 'गंगाजल'मध्ये बिहारी, 'दबंग'मध्ये उत्तर प्रदेशी आणि 'चेन्नई एक्सप्रेस'मध्ये तमिळ. गर्दीतच, पण तीन राज्यांच्या. लुंगी नेसवली तेव्हा म्हणाला, "ह्यात काय ॲक्टिंग? उन्हाळ्यात मी घरी हीच नेसतो." 'दबंग' टीव्हीवर लागला की तो सगळ्यांना गप्प करतो आणि एका ठिकाणी ओरडतो, "हां! हा! थांबवा!" थांबवून बघावं तर सलमान खानच्या मागं, डावीकडं, पिवळ्या शर्टाच्या बाहीतून बाहेर आलेलं एक कोपर. ते त्याचं आहे. त्या कोपरावर लहानपणी कैऱ्या पाडताना पडलेला व्रण आहे, तोही तो दाखवतो, प्रत्यक्षात आणि मग पडद्यावर. पडद्यावर मला तो अजून दिसलेला नाही, पण नातं जपायचं म्हणून मी होय म्हणतो.

वाईमुळं आमची एक मोठी अडचण झाली आहे. 'स्वदेस' बघताना सगळा देश डोळे पुसत होता म्हणे, आणि आमची रांग कुजबुजत होती, "अगं, मेणवली! तो बघ नानांचा वाडा. त्या पायरीवर आपण गेल्या वर्षी आमरसाचा डबा खाल्ला होता." शाहरुख खान अमेरिकेहून येऊन गावात वीज आणत होता आणि आमची मोठी बहीण म्हणत होती, "मेणवलीत वीज आहे की." माणूस ज्या घाटावर कपडे धुतो त्या घाटावर त्याला चमत्कार दाखवू नये, तो दगड बघत बसतो. २०२३ च्या उन्हाळ्यात 'महाराष्ट्र शाहीर' लागला तेव्हा तर उलटं झालं. शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे, त्यामुळं इंटरव्हलला निम्मं थेटर त्यांच्या नात्यातलं निघालं. मीही दोनचार जणांना तसं सांगितलं.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण एकदा आमचा आवाज बंद झाला होता. २०१६ चा मे. 'सैराट' एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी लागला आणि त्या वर्षी एक वरात 'झिंगाट'शिवाय निघाली नाही. मेहुणा आला होता, भडंग आणलं होतं. थेटरात जागा मिळाल्या त्या कडेच्या, पण पंखा नेमका डोक्यावर. त्या नाचायच्या गाण्याला पोरं खुर्च्या सोडून पडद्यापुढं गेली. माझी भाची रिंकू राजगुरूनं बुलेट हाणलेली बघून तिथंच मला म्हणाली, "मामा, मला सायकल नको." मी आर्चीची फाईल उघडली होती. वेळेवर हप्ता भरणारी पोरगी, शंकाच नाही, वर उशीर केला म्हणून आम्हालाच झापणारी.

मग शेवट आला. ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे. तिथं पडद्यावरचा आवाजच बंद होतो. गाणं नाही, रडणं नाही, काहीच नाही. साताठशे माणसांतून एक शिट्टी नाही की एक खोकला नाही. आणि त्या शांततेत मला आमच्या डोक्यावरचा पंखा ऐकू आला. खट्, खट्, खट्. इतकी वर्षं त्याच्यामुळं पिच्चर ऐकू येत नव्हता, त्या दिवशी पिच्चरनं तो ऐकवला. दिवे लागले तरी लोक उठेनात. बाहेर आल्यावर कुणी वडा खाल्ला नाही. मेहुणा रिक्षा स्टँडपर्यंत एक शब्द बोलला नाही, विष्णुदास भाव्यांचं नाव नाही की काही नाही. पोवई नाक्यावर आल्यावर म्हणाला, "दाजी, फार उकडत होतं आत." मी म्हटलं, "होय, फार."

ते थेटरही आता बंद आहे. तिथं लग्नाचं कार्यालय होणार असं ऐकतो. आता जिथं जातो तिथं एसी आहे, खुर्चीला पेला ठेवायला भोक आहे, आणि मक्याच्या लाह्या तिकिटापेक्षा महाग. भडंगाची पुडी आत नेऊ देत नाहीत. गेल्या वर्षी मेहुण्यानं ती मुलाच्या दप्तरातून नेली होती आणि ऐन गंभीर प्रसंगात अशी वाजली की पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागं वळून निळू फुल्यांकडं बघावं तसं आमच्याकडं बघितलं.

परवा त्याचा फोन आला होता. सांगलीत उन्हाचा तडाखा आहे, गुरुवारी येतोय. मी सहा तिकिटं काढून ठेवलीत, शुक्रवारचा दुपारचा खेळ. एसी व्यवस्थित चालू आहे ना, हे थेटरात स्वतः जाऊन विचारून आलो. पिच्चर कुठला लागलाय ते विचारायचं राहिलं.