गणवेश सुती असावा

केंद्र सरकारने १९५० साली सुरू केलेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेतून ज्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था देशभर उभ्या राहिल्या, आणि ज्यांना तालुक्याच्या ठिकाणचा रिक्षावाला ‘आयटीआय’ याखेरीज दुसऱ्या कोणत्याही नावाने ओळखत नाही, त्यांपैकी चारशेहून अधिक शासकीय संस्था एकट्या महाराष्ट्रात आहेत. आणि त्यांतल्या पुष्कळांत, आवाराच्या मागच्या अंगाला, शक्यतो प्राचार्यांच्या दालनापासून लांब, पत्र्याच्या छपराखाली वेल्डरचा ट्रेड चालतो. ट्रेड म्हणजे व्यवसायाचा अभ्यासक्रम. दारावरच्या पाटीवर त्याचे नाव ‘संधाता’ असते, जसे फिटरचे ‘जोडारी’ आणि टर्नरचे ‘कातारी’, आणि ही नावे पाटी रंगवणाऱ्याखेरीज फारसे कोणी घेत नाही. मुदत एक वर्ष, पात्रता आठवी उत्तीर्ण. एवढ्या सुटसुटीत शिक्षणाभोवती नियमांची, सवलतींची आणि दाखल्यांची जी भक्कम तटबंदी उभारली गेली आहे, तिच्याकडे अभ्यासकांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही, याचे कारण बहुधा हे असावे की अभ्यासक सहसा टेरिकॉटचे कपडे घालतात.

आठवी उत्तीर्ण ही अट कागदावर सोपी असली, तरी अर्ज ऑनलाइन आणि प्रवेश गुणवत्ता यादीने होत असल्यामुळे आठवीच्या रांगेत दहावीवाले, बारावीवाले आणि प्रसंगी कला शाखेचे पदवीधरही येऊन उभे राहतात. वयाची किमान मर्यादा १४ वर्षे असून कमाल मर्यादा ठेवलेली नाही, म्हणजे तत्त्वतः बापलेकांना एकाच तुकडीत दाखल होता येते, आणि तसे झाल्यास पालक सभेचा एक चहा वाचतो. खरी कसोटी लागते ती दाखल्यांच्या वेळी. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा, उत्पन्नाचा, अधिवासाचा, आणि शिक्षणात खंड पडला असेल तर तो का पडला याचे प्रतिज्ञापत्र. पोलादाच्या दोन पट्ट्या जोडताना त्यांच्यामध्ये दोन-अडीच मिलिमीटरची फट ठेवली नाही तर वितळलेला धातू तळापर्यंत पोहोचत नाही आणि जोड वरवरचा राहतो, म्हणून फट ठेवणे हे या विद्येतले शहाणपण समजले जाते. कार्यालयाच्या खिडकीत मात्र दहावी आणि प्रवेश यांच्यामध्ये दोन वर्षांची फट दिसली की कारकुनाची भुवई वर जाते. ती दोन वर्षे उमेदवाराने पुष्कळदा एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानात, साधा गॉगल लावून, खिडक्यांच्या जाळ्या वेल्ड करण्यातच घालवलेली असतात. परंतु जी विद्या शिकण्यासाठी अर्ज करायचा ती आधीच येते असे कबूल करण्याची सोय प्रतिज्ञापत्राच्या नमुन्यात नसल्यामुळे तो ‘घरगुती अडचण’ असे लिहितो आणि मोकळा होतो.

प्रवेशानंतर हजेरीचा नियम सुरू होतो. वार्षिक परीक्षेस बसायचे तर किमान ८० टक्के हजेरी लागते, आणि ती आता पुष्कळ ठिकाणी अंगठ्याने नोंदवली जाते. या यंत्राची योजना करणाऱ्यांनी वेल्डरच्या ट्रेडचा विचार केला नसावा, कारण सुरुवातीचे काही आठवडे प्रशिक्षणार्थी हॅकसॉने पट्ट्या कापतो आणि कानशीने त्यांच्या कडा घासतो, त्यात हाताला फोड येतात, पुढे गरम जॉब सांडशीऐवजी सवयीने बोटाने उचलला जातो, आणि महिनाभरात अंगठ्याची अवस्था अशी होते की यंत्र त्याला ओळख दाखवायला तयार होत नाही. “सर, मशीन अंगठा घेत नाही.” “मग दुसरा दे.” निदेशक, म्हणजे इथला शिक्षक, हा संवाद रोज सकाळी मान वर न करता पार पाडतो. याउलट जो गडी कर्मशाळेत कमी आणि कँटीनमध्ये जास्त आढळतो त्याचा अंगठा गुळगुळीत व निर्दोष राहत असल्यामुळे यंत्र त्याला पहिल्या फटक्यात स्वीकारते. हजेरी आणि कष्ट यांचे नाते व्यस्त असू शकते हे सरकारी कचेऱ्यांत पूर्वीपासून माहीत होते. यंत्राने त्याला शास्त्रीय आधार दिला एवढेच.

येथवरचे नियम माणसांनी केलेले आहेत आणि म्हणून त्यांत अर्ज-विनंतीला जागा आहे. आजारपणाची रजा मागता येते, उशीर माफ होतो, फीचा हप्ता पुढे ढकलता येतो. वेल्डिंगच्या शाळेचे वेगळेपण असे की तिथे नियमांचा एक दुसरा वर्ग आहे, जो संचालनालयाने केलेला नसून ठिणगीने केलेला आहे आणि ज्याविरुद्ध अपील नाही. गणवेश सुती असावा, असे पत्रकात एका ओळीत छापलेले असते आणि नव्या प्रशिक्षणार्थ्याला ते शिस्तीचे, फार तर साधेपणाचे कलम वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ इतकाच की सुती कापडावर ठिणगी पडली तर भोक पडते, आणि नायलॉन वा पॉलिएस्टरवर पडली तर कापड वितळून कातडीला चिकटते. विजारीच्या पायाला बाहेरून दुमड नको, कारण ठिणग्या तिच्यात साठतात. शर्टाच्या खिशाला झाकण हवे, कारण उघडा खिसा आणि त्यातला मोबाइल या दोन्ही गोष्टी वितळलेल्या धातूला प्रिय आहेत. बूट चामड्याचे हवेत आणि विजार बुटाच्या वरून खाली आलेली हवी. चौथ्या कलमाचे उल्लंघन करून चपलेत आलेल्या तरुणाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात लाल थेंब पडतो तेव्हा तो जे नृत्य करतो, त्यास महाराष्ट्राच्या लोककलांत अद्याप स्थान मिळालेले नाही. पण दुसऱ्या दिवशी तो बूट घालून येतो आणि त्यासाठी कारणे दाखवा नोटीस काढावी लागत नाही.

याहून सूक्ष्म शिक्षा डोळ्यांची. वेल्डिंगचा ठिणगीस्तंभ, ज्याला सगळे ‘आर्क’ म्हणतात, तो प्रखर प्रकाशाबरोबर अतिनील किरणही सोडतो, म्हणून हातातल्या किंवा डोक्यावरच्या शील्डमध्ये दहा-अकरा क्रमांकाची काळी काच बसवलेली असते, जिच्यातून एरवी पाहिले तर भर दुपारी अमावास्या दिसते. आर्क पेटल्यावरच तिच्यातून काही दिसू लागते. नवशिक्याची अडचण अशी की काच डोळ्यांपुढे धरली तर रॉड कुठे टेकवायचा ते दिसत नाही, आणि काच बाजूला केली तर तेवढ्यात आर्क पेटतो. तो एकदा पाहतो, दोनदा पाहतो, शेजाऱ्याच्या टेबलाकडे सहज मान वळवतो, आणि काहीच होत नाही. सायंकाळी तो घरी जातो, जेवतो, मित्रांना सांगतो की उगाच घाबरवतात. मग मध्यरात्रीच्या सुमारास डोळ्यांत मूठभर वाळू कोणी कोंबावी तशी खुपखुप सुरू होते, पाणी वाहू लागते, दिव्याकडे पाहवत नाही, आणि घरातली माणसे जागी होतात. वैद्यकशास्त्रात याला ‘फोटोकेराटायटिस’, म्हणजे किरणांमुळे बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला आलेली सूज, असे म्हणतात. आजीचे निदान ‘नजर लागली’ असे असते, आणि या एका बाबतीत आजी अक्षरशः बरोबर असते, फक्त कोणाची कोणाला लागली याबद्दल तिचा गोंधळ असतो. मग बटाट्याच्या चकत्या आणि दुधात भिजवलेले कापसाचे बोळे निघतात. यांतले काहीही डोळ्यांत घालू नये, डॉक्टरकडे जावे, एक-दोन दिवसांत बहुधा आराम पडतो, हे निदेशक सांगून थकलेला असतो. शिक्षा गुन्ह्यानंतर काही तासांनी, आरोपी निर्धास्त झाल्यावर, त्याच्या राहत्या घरी बजावणारी अशी न्यायव्यवस्था अन्य कोणत्याही शिक्षणसंस्थेस साधलेली नाही.

गॅस वेल्डिंगच्या खोलीत कायदा आणखी कडक होतो. ऑक्सिजनचे सिलिंडर काळे, ॲसिटिलिनचे मरून. ॲसिटिलिनच्या जोडणीचे आटे डावे, म्हणजे उलट्या दिशेने आवळायचे, ते अशासाठी की एका वायूची नळी चुकून दुसऱ्याला बसूच नये. ॲसिटिलिन सिलिंडरमध्ये ॲसिटोन नावाच्या द्रवात विरघळवून भरलेले असल्यामुळे ते सिलिंडर आडवे ठेवायचे नसते. आणि ऑक्सिजनच्या तोंडाशी तेल वा ग्रीस लावायचे नाही, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनशी गाठ पडल्यावर तेल पेट घेऊ शकते. हा शेवटचा नियम मराठी मनाला सर्वांत जड जातो. जे काही करकरते, अडते वा घट्ट बसते त्याला दोन थेंब तेल सोडावे, हा संस्कार सायकलीपासून पाळण्यापर्यंत सर्वत्र उपयोगी पडलेला असतो, आणि सिलिंडरचा घट्ट बसलेला व्हॉल्व्ह दिसताच सेवाभावी प्रशिक्षणार्थी तेलाच्या डब्याकडे वळतो. निदेशकाचा आवाज वर्षभरात ज्या प्रसंगी सर्वांत मोठा होतो तो हा.

आता सेवासुविधांकडे वळावयाचे. एसटीचा सवलतीचा पास, पात्र असल्यास शिष्यवृत्ती, काही ठिकाणी वसतिगृह, वर्षातून एखादा भरती मेळावा, ही यादी माहितीपत्रकात असते आणि ती वाईट नाही. मात्र एक सेवा तिच्यात कधी छापली जात नाही, आणि तिचा प्रवाह नेमका उलट्या दिशेने वाहतो. वीजतंत्री ट्रेडचा बाक मोडला, शिवणकामाच्या वर्गाच्या खिडकीची जाळी निखळली, मुख्य फाटकाची बिजागरी तुटली, सायकल स्टँडचा पाइप गंजला, ध्वजस्तंभाच्या पायथ्याचा कठडा हलू लागला, की शिपाई थेट वेल्डरच्या दारात येतो आणि ‘साहेबांनी सांगितलंय’ एवढेच म्हणतो. प्रात्यक्षिकाच्या नावाखाली हे सर्व जोडले जाते, आणि विद्यार्थी संस्थेची सेवा कशी करतात याचा उत्तम पुरावा म्हणून आवार उभे राहते. यात अन्याय आहे असे मात्र नाही. अभ्यासक्रमातल्या सपाट पट्टीवर सरळ रेषेत बीड ओढणारा, म्हणजे वितळलेल्या धातूची एकसारखी ओळ घालणारा हात फाटकाच्या बिजागरीशी उकिडवा बसून, मान वाकडी करून, वरून थेंब पडत असताना काम करू लागतो तेव्हाच त्याला पुढच्या नोकरीची कल्पना येते.

काही संस्थांत तक्रारपेटीही आढळते. तिची किल्ली बहुधा बदली होऊन गेलेल्या कोणाकडे तरी असते. ज्या आवारात सहा मिलिमीटरची प्लेट गॅस कटरने सरळ कापता आली नाही तर उत्तीर्ण होणे अवघड, त्या आवारात पत्र्याची एक लहान पेटी वर्षानुवर्षे उघडता न येणे, ही गोष्ट प्रशासन आणि प्रशिक्षणार्थी या दोघांच्याही संयमाची साक्ष आहे.

मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, आणि वेल्डरच्या ट्रेडमध्ये त्या भरणे हे काम नियमाने होण्यासारखे नाही, कारण आडवा येतो तो आत्या-मावशांचा अलिखित नियम, की हातावर भाजल्याचे डाग पडले तर स्थळ मिळत नाही. रोज तव्याशी आणि कुकरशी खेळून त्याच आत्याच्या हातावर जे डाग पडलेले असतात, त्यांचा हिशेब या ठिकाणी धरला जात नाही.

भांडार मात्र दुर्लक्षून चालणार नाही, कारण वेल्डिंगच्या शाळेचे खरे धोरण तिथे ठरते. रॉड, म्हणजे वर रासायनिक लेप चढवलेली पोलादी कांडी, हीच इथली पेन्सिल आणि ती लिहिता लिहिता जळून संपते. भांडारपाल रॉड मोजून देतो आणि उरलेली थोटके मोजून घेतो. दोन इंच उरेपर्यंत रॉड वापरावा अशी अपेक्षा असते, आणि अर्धा जाळून टाकलेला रॉड परत आणणाऱ्याकडे तो ज्या दृष्टीने पाहतो तिच्यासाठी काळी काच लागावी. पावसाळ्यात रॉडच्या लेपात ओल शिरते, आणि लो-हायड्रोजन जातीच्या रॉडमध्ये ती राहिली तर जोडात बारीक तडे जाऊ शकतात, म्हणून असे रॉड ओव्हनमध्ये तापवून कोरडे ठेवायचे असतात. जिथे हा ओव्हन चालू असतो तिथे दुपारी एकच्या सुमारास रॉडशेजारी पोळीभाजीचे डबेही आढळतात. नियमात ही सोय नाही. तरीही ओव्हन वेळेवर सुरू होतो की नाही यावर बारीक लक्ष ठेवणारी माणसे या डब्यांमुळेच मिळतात, हे मान्य करावे लागेल.

वर्षाच्या शेवटी संगणकावर लेखी परीक्षा आणि कर्मशाळेत प्रात्यक्षिक होते, राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते, आणि पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली कारखान्यात उमेदवारी करता येते. त्याआधी एक अडथळा असतो: ना-देय प्रमाणपत्र. ग्रंथालय, भांडार, क्रीडा विभाग, वसतिगृह आणि लेखा शाखा यांच्याकडून आपण कोणाचे काही लागत नाही अशा सह्या आणल्याखेरीज अनामत रक्कम परत मिळत नाही, आणि जो कधी ग्रंथालयात गेला नाही त्यालाही, आपण गेलो नव्हतो हे सिद्ध करण्यासाठी, शेवटी एकदा ग्रंथालयात जावेच लागते. काहींना तिथे पुस्तके असल्याचे याच दिवशी कळते.

मुलाला वा मुलीला या ट्रेडला घालू पाहणाऱ्या पालकांनी माहितीपत्रकातली इमारतीची छायाचित्रे पाहत बसू नये. प्रवेश घेण्याआधी भांडाराच्या खिडकीशी जाऊन एकच प्रश्न विचारावा, की आठवड्याला एका प्रशिक्षणार्थ्याच्या वाट्याला किती रॉड येतात. उत्तर देताना भांडारपालाने वही उघडली तर प्रवेश घ्यावा, आणि तो छपराकडे पाहू लागला तर शेजारच्या तालुक्याची संस्था पाहावी.